मुंगसाचं ‘मॉन्गीस’ का होत नाही?

पत्र थोडक्यात असं: तालुक्याच्या गावी राहणारी एक आई. मुलगा पाचवीत, सेमी-इंग्रजीला. घटक चाचणीत अनेकवचनांच्या प्रश्नात त्याला १० पैकी ३ गुण मिळाले. ‘फूट्स’, ‘चाइल्ड्स’, ‘शीप्स’, ‘माउसेस’ असं लिहून आला. शाळेतून शंभर शब्दांची यादी मिळाली आहे, रोज वीस शब्द पाच-पाच वेळा लिहायचे. त्यावरून घरात रोज रडारड. परवा त्यानं विचारलं, ‘फूटचं फीट होतं, मग बुकचं बीक का नाही?’ आई म्हणाली, ‘इंग्रजीला नियमच नसतात, गुपचूप पाठ कर.’ वडील म्हणतात क्लास लावू. आईला वाटतं पाठांतर घरीच करून घ्यावं, पण तिचं स्वतःचं इंग्रजी पाचवीपासूनचं, मराठी माध्यमातलं. ती पतसंस्थेत नोकरी करते. मागे तिच्या मेलमधले ‘फर्निचर्स’ आणि ‘इन्फर्मेशन्स’ साहेबांनी लाल करून परत पाठवले, तेव्हापासून आपणच मुलाला चुकीचं शिकवू ही धास्ती. जाता जाता एक प्रश्न नव्या घराच्या पाटीचा: ‘द जाधव्ज’ लिहिताना एसच्या आधी वरचा स्वल्पविराम द्यायचा की नाही? (आडनाव बदललं आहे.)

ताई,

आधी त्या सात गेलेल्या गुणांकडे पुन्हा एकदा पाहू. तुमच्या मुलानं ‘टू फूट’ लिहिलं असतं तर काळजी होती. त्यानं ‘फूट्स’ लिहिलं. म्हणजे एकाहून जास्त झालं की शब्दाला एस लावायचा, हा नियम त्याच्या डोक्यात पक्का आहे आणि कधी न ऐकलेल्या ठिकाणीही तो लावून पाहतो. लंडनमध्ये जन्मलेलं तीन-चार वर्षांचं पोरही ‘फूट्स’ आणि ‘माउसेस’च म्हणतं. नियम नव्यानं सापडला की मूल तो सगळीकडे ठोकत सुटतं. आपल्याकडची बारकी मुलं ‘मी गेलो’च्या जागी ‘मी जालो’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

१९५८ साली अमेरिकेत जीन बर्को या संशोधिकेनं याची फार सुंदर परीक्षा घेतली. तिनं पक्ष्यासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याचं चित्र काढलं आणि त्याला कुठल्याच कोशात नसलेलं नाव दिलं, ‘वग’. चार ते सात वर्षांच्या मुलांना सांगितलं, हा एक वग. आता दुसरा आला. आता हे दोन... बहुतेक मुलं ‘वग्ज’ म्हणाली. तो शब्द कोणीच कधी ऐकलेला नव्हता, म्हणजे उत्तर पाठांतरातून येणं शक्यच नव्हतं. गंमत पुढे आहे. ‘टास’ असा सकारानं संपणारा खोटा शब्द दिला तेव्हा तीच इंग्रजी मुलं अडखळली, बरीचशी शब्द तसाच ठेवून मोकळी झाली.

हा खेळ आज रात्री जेवताना घरी खेळा. ‘वन बिप, टू...?’ ‘वन लिश, टू...?’ ‘वन टॉडी, थ्री...?’ ‘बिप्स’, ‘लिशेस’, ‘टॉडीज’ अशी उत्तरं आली, तर मुलाला अनेकवचन येतं हे समजा. यायचे राहिलेत ते फक्त काही जुने, हट्टी शब्द.

ते किती, ते मोजू. तुम्ही पाठवलेली यादी घ्या आणि सोबत दोन रंगांच्या पेन्सिली. त्या शंभरात ६१ शब्द नुसता एस किंवा ईएस लागणारे आहेत. ते पाठ करायचे नसतात, त्यांच्यावर काट मारा. ९ शब्द वायनं संपणारे, १२ एफ किंवा एफईनं, ६ ओनं. आणि खरोखर आडमुठे किती? मॅन, वूमन, फूट, टूथ, गूस, माउस, लाउस, चाइल्ड, ऑक्स, शीप, डिअर, फिश. बारा. रडारड चालली आहे ती शंभरांवर, आणि काम आहे बारांचं.

त्या ६१ वर काट मारण्याआधी मात्र ते एकदा मोठ्यानं म्हणून घ्या, कारण तिथे स्पेलिंग सोपं आणि आवाज फसवा आहे. लिहायला एकच एस, पण तो तीन प्रकारे बोलला जातो. संधी शिकताना आपण कठोर आणि मृदू वर्ण शिकलो ना, तेच इथे कामाला येतात. शब्दाचा शेवटचा आवाज कठोर असेल, म्हणजे क, प, ट, फ, तर एस सरळ ‘स’ होतो: बुक्स, कप्स, कॅट्स. शेवट मृदू असेल किंवा स्वर असेल, तर एसचा ‘ज’ होतो. हा ज ‘जग’मधला नव्हे, ‘जरा’मधला: डॉग्ज, पेन्ज, बॉईज. गळ्यावर दोन बोटं ठेवून मुलाला ‘क-क-क’ आणि मग ‘ग-ग-ग’ म्हणायला लावा. बोटांना थरथर जाणवली की मृदू. हिंदीच्या मूळ वर्णमालेत ‘जरा’चा ज नाही म्हणून हिंदीवालं पोर ‘ज’खाली नुक्ता देतं. आपल्या जिभेला तो उच्चार जन्मापासून ठाऊक आहे, फक्त इथे लावायचा आहे हे कोणी सांगत नाही.

तिसरा प्रकार स, श, च, ज, झ या सळसळणाऱ्या आवाजांचा. ‘बस’पुढे पुन्हा नुसता स म्हणून पाहा, ऐकणाऱ्याला कळणारच नाही. म्हणून मध्ये एक छोटा इ घुसतो: बसिज, डिशिज, वॉचिज, बॉक्सिज. आपण मराठीत ‘एसटीच्या बसेस’ म्हणतो तो हाच. आणि यातूनच स्पेलिंगचा नियम मिळतो, जो पुस्तकात एस, एक्स, एसएच, सीएच अशी यादी देऊन पाठ करायला लावतात: तोंडात एक आवाज वाढला तर कागदावर एक ई वाढतो. ‘रोज’ किंवा ‘जज’सारख्या शब्दांत तो ई आधीच बसलेला आहे, तिथे नुसता एस. ‘स्टमक’च्या शेवटी दिसायला सीएच असलं तरी आवाज क आहे, म्हणून ‘स्टमक्स’, ई नाही. कान धरून शिकलेला मुलगा तिथे चुकत नाही. यादी धरून शिकलेला हमखास चुकतो.

वायवाले शब्द पाच मिनिटांत उरकतात. वायच्या आधी व्यंजन असेल तर वाय काढून आयईएस (बेबी, सिटी, स्टोरी), स्वर असेल तर नुसता एस (बॉय, की, डे). ओवाल्यांसाठीही एक कामचलाऊ खूण आहे. ओच्या आधी स्वर असेल (रेडिओ, स्टुडिओ, व्हिडिओ) किंवा शब्द लांब शब्दाचं शेपूट छाटून झालेला असेल (फोटोग्राफचा फोटो, किलोग्रॅमचा किलो), तर नुसता एस. पोटॅटो, टोमॅटो, हीरो यांना ईएस. मँगोला दोन्ही चालतात. यावर याहून जास्त वेळ घालवू नका.

एफवाल्यांवर थोडं थांबायला हवं, कारण ‘लीफचं लीव्ज, पण रूफचं रूफ्स का’ हा प्रश्न तुमच्या घरात येणार म्हणजे येणार. जुन्या इंग्रजीत दोन मृदू आवाजांच्या मध्ये सापडलेला फ आपोआप व व्हायचा. ‘वुल्फ’च्या अनेकवचनात फच्या मागे ल, पुढे आ, म्हणून ‘वुल्वास’. आपल्याकडे वाक् आणि ईश मिळून ‘वागीश’ होताना कठोर क मृदू ग होतो, तीच खोड. म्हणून घरचे जुने शब्द, लीफ, लोफ, हाफ, काफ, शेल्फ, थीफ, नाइफ, वाइफ, लाइफ, वुल्फ, आजही व्ज घेतात. ‘चीफ’, ‘प्रूफ’, ‘गल्फ’ नंतर फ्रेंचमधून आले. तोवर ती खोड मोडली होती, त्यांना नुसता एस मिळाला. ‘रूफ’ जुनाच, पण तो बहुमताला जाऊन मिळाला. यादीतल्या बारांपैकी दहा बदलतात, रूफ आणि चीफ बदलत नाहीत. दोघांनाच लक्षात ठेवायचं, बाकीचे दहा मग आपोआप राहतात.

आता त्याच्या प्रश्नाकडे येऊ. ताई, ‘इंग्रजीला नियमच नसतात’ हे उत्तर मागे घ्या, कारण त्याचा प्रश्न इतका बरोबर आहे की हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात त्याला पूर्ण गुण मिळाले असते. बुकचं अनेकवचन खरंच तसं होतं. तेव्हा पुस्तकाला म्हणत ‘बोक’ आणि अनेक पुस्तकांना ‘बेच’. पायाला ‘फोट’, पायांना ‘फेट’. पुढे साधारण १५व्या ते १७व्या शतकात इंग्रजीतले लांब स्वर एकेक पायरी वर सरकले, ओचा ऊ झाला, एचा ई. म्हणून आज फूट आणि फीट. बेच टिकला असता तर आज तो ‘बीच’ झाला असता. पण पुस्तकं एसवाल्यांच्या रांगेत गेली आणि पाय राहिले.

मुळात आतला स्वर बदलला तरी का? लिहिलेलं इंग्रजी सापडतं त्याच्याही आधी या शब्दांच्या अनेकवचनाला शेवटी ‘इ’ असलेला प्रत्यय होता. आता तोंडानं ‘ओ’ म्हणा आणि लगेच ‘ई’ म्हणा. ओला जीभ मागे असते, ईला पुढे येते. पुढे ई येणार हे ठाऊक असलं की जीभ आधीपासूनच पुढे सरकायला लागते आणि ओचा ए होऊन बसतो. नंतर तो प्रत्यय झिजून गेला. पाहुणा निघून गेला, पण त्याच्यासाठी सरकवलेली खाट तशीच राहिली, असं सांगा मुलाला. मॅन–मेन, टूथ–टीथ, गूस–गीस, माउस–माइस, लाउस–लाइस, सगळ्या सरकवलेल्या खाटा. वूमनमध्ये एक जास्तीची गोम आहे: स्पेलिंगात शेवटचा ए जाऊन ई येतो, पण कानाला बदल ऐकू येतो तो पहिल्या अक्षरात. वूमनचं होतं ‘विमिन’, ‘वूमेन’ नव्हे.

चाइल्डची कथा वेगळी. त्याचं जुनं अनेकवचन ‘चिल्डर’च्या जवळचं होतं. ते अनेकवचन आहे हे लोक विसरले आणि वर आणखी एक प्रत्यय चढवला, ‘एन’. म्हणजे चिल्ड्रन हे मुळातच दोनदा केलेलं अनेकवचन आहे. तुमचा मुलगा कधी ‘चिल्ड्रन्स आर प्लेइंग’ लिहील, तेव्हा त्यानं तिसऱ्यांदा केलेलं असेल. ते येतं कुठून तेही बघा: १४ नोव्हेंबरला शाळेच्या फळ्यावर ‘चिल्ड्रन्स डे’ असतो. तिथला एस ‘मुलांचा’ मधल्या ‘चा’चा आहे, अनेकवचनाचा नाही.

हाच दुहेरी शेवट एके काळी अंड्यालाही होता. इंग्लंडात छापखाना आणणाऱ्या विल्यम कॅक्स्टननं १४९० साली लिहिलेला एक किस्सा आहे. वारा पडल्यामुळे खोळंबलेले काही व्यापारी किनाऱ्यावर उतरले आणि एकानं एका बाईकडे खायला ‘एग्ज’ मागितली. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं. मग सोबतच्या दुसऱ्यानं ‘आयरेन’ मागितली, तेव्हा बाईला कळलं. अंड्यांची ती ‘आयरेन’ मागे पडली, चिल्ड्रन उरले. ऑक्सेनमधला एन मात्र वरून लावलेला नाही, तो शब्दाच्या मुळातला आहे. संस्कृतात बैलाला ‘उक्षन्’ म्हणतात, तोच हा ऑक्स, आणि शेवटचा न् दोन्हीकडे. या बारा शब्दांत आपले नातेवाईक बरेच आहेत म्हणा: फूट म्हणजे पाद, टूथ म्हणजे दंत, माउस म्हणजे मूषक, गूस म्हणजे हंस. आडमुठे आहेत ते परके असल्यामुळे नव्हे. रोजच्या वापरातले, पिढ्यान्‌पिढ्या तोंडातून न उतरलेले शब्द असल्यामुळे.

शीप आणि डिअर बदलतच नाहीत याचं मराठी माणसानं तरी नवल करू नये. एक लाडू, चार लाडू. एक दगड, दहा दगड. एक हत्ती, दोन हत्ती. आपल्याकडे आकारान्त नसलेला पुल्लिंगी शब्द अनेकवचनात तसाच राहतो. मजा अशी की मराठीत मेंढी बदलते (मेंढ्या) आणि उंदीर बदलत नाही, इंग्रजीत बरोबर उलट. हे वाक्य मुलाला सांगून ठेवा, शीप आणि माउस दोन्ही एका दमात पाठ होतील. फिशही बहुतेक वेळा तशीच राहते, वेगवेगळ्या जातींबद्दल बोलायचं असेल तर ‘फिशेस’ चालतं.

आणि मग त्याला हा प्रश्न टाका: गूसचं गीस, तर मॉन्गूसचं? तो ‘मॉन्गीस’ म्हणेल. उत्तर ‘मॉन्गूसेस’ आहे आणि त्याचं कारण आपल्या बांधावर आहे. मॉन्गूस हा शब्द इंग्रजीनं मराठीतून उचलला, आपलं मुंगूस. हंसाशी त्याचा काही संबंध नाही, आणि प्रत्यय झिजून खाटा सरकल्या तेव्हा तो इंग्लंडात नव्हताच. पाहुणा म्हणून आला, त्याला चालू नियमाचा एस मिळाला. घरी, मराठीत, तोच शब्द माणूस–माणसंच्या चालीवर मुंगूस–मुंगसं असा आतून बदलतो. आपणही पाहुण्यांशी हेच करतो की. टेबल आलं, त्याची ‘टेबलं’ झाली. सायकल आली, तिच्या ‘सायकली’ झाल्या. प्रत्येक भाषा जुन्यांचे हट्ट पुरवते आणि नव्यांना सरळ रांगेत उभं करते.

यादीचं प्रत्यक्ष करायचं काय? रोज तीन शब्द, चार दिवस. सुटा शब्द नको, पाढ्याच्या चालीत आकड्यासकट: ‘वन फूट, टू फीट, वन टूथ, टू टीथ’. आज म्हटलेले तीन उद्या, परवा नाही तर तेरवा, आणि मग आठवड्यानं पुन्हा विचारा, मध्ये दिवस गेले तरी आठवलं म्हणजे बसलं. लिहिणं सगळ्यात शेवटी, एकेकदाच. एकच शब्द ओळीनं पाच वेळा लिहिताना तिसऱ्या वेळेपासून हात लिहितो आणि डोकं खेळायला जातं. ‘टूथ’चं स्पेलिंग पहिल्यांदा चुकलं असेल तर ती चूकही मग पाचदा गिरवली जाते.

परीक्षेत गुण जातात ते आणखी एका ठिकाणी. ‘वचन बदला’ म्हणून पूर्ण वाक्य दिलेलं असतं आणि मुलं फक्त नाम बदलतात. ‘धिस इज अ शीप’चं अनेकवचन ‘दीज आर शीप’. नाम जसंच्या तसं, बदललं बाकी सगळं: धिसचं दीज, इजचं आर, आणि ‘अ’ गळाला. तो ‘अ’ पुसायला विसरून ‘दीज आर अ शीप’ लिहिणारी मुलं वर्गागणिक सापडतात. प्रत्येक वाक्यावर तीन ठिकाणी बोट ठेवायची सवय लावा: आधी ‘अ’, मग नाम, मग क्रियापद.

वर्गशिक्षिकेला एकदा भेटा आणि यादी अशी चाळलेली दाखवा. ‘बारा तोंडी पक्के करून घेते, लिहिण्यातून थोडी सूट द्याल का’ असं विचारलं तर कोणी बाई वाईट मानणार नाहीत. नाही म्हणाल्या तर लिहू दे त्याला, पण एका दिवशी वीसच्या वीस नियमित शब्द आणि दुसऱ्या दिवशी सगळे एफवाले, असं गटवार लावून घ्या. लिहिता लिहिता नियम दिसत जातो.

क्लासचं म्हणाल, तर एवढ्या एका धड्यासाठी नको. क्लासमध्येही बहुधा दुसरी एक यादी मिळेल. लावायचाच झाला तर आधी एक तास बाहेर बसून ऐका, प्रत्येक मूल किती वाक्यं स्वतः बोलतं ते मोजा. बोलत असतील तर फी सार्थकी लागेल, कारण बोलायला सोबत लागते आणि ती घरात मिळणं अवघड. फक्त मार्गदर्शिका सोडवून घेत असतील तर ते काम तुम्ही घरी जास्त मायेनं कराल.

तुमच्या धास्तीबद्दल. तुमच्या त्या दोन चुका आणि मुलाच्या चुका एका जातीच्या नाहीत, म्हणून तुम्ही त्याला ‘आपलं इंग्रजी’ देऊन बिघडवाल असं होत नाही. तुम्ही फीट, चिल्ड्रन, माइस कुठेच चुकत नाही, पत्रातच दिसतंय. तुम्ही अडखळता ते इंग्रजीत मोजता न येणाऱ्या नामांशी. आणि यावर पुस्तकं अर्धं पान खर्चतात, खरं तर नोकरीत नाचक्की होते ती इथेच.

फर्निचर, लगेज, इक्विपमेंट, मशिनरी, स्टेशनरी, ज्वेलरी हे शब्द वस्तूंचे नव्हेत, वस्तूंच्या ढिगाचे आहेत. आपल्या ‘किराणा’सारखे. दुकानातून दहा जिन्नस आणले तरी आपण ‘दोन किराणे आणले’ म्हणत नाही. तसंच फर्निचर कितीही असो, फर्निचरच. मोजायचंच असेल तर ढिगातली वस्तू नावानं मोजा: ‘फोर चेअर्स अँड टू टेबल्स’. ‘फोर पीसेस ऑफ फर्निचर’ बरोबर आहे, पण कार्यालयीन मेलमध्ये खुर्च्या-टेबलं लिहिलेली जास्त उपयोगी, साहेबांना मंजुरी कशाला द्यायची तेही कळतं. इन्फर्मेशन म्हणजे माहिती, आणि ‘माहित्या’ आपणही म्हणत नाही. मोजण्यासारखा शब्द हवा असेल तर ‘डीटेल्स’ लिहा. होमवर्क, ट्रॅफिक, फीडबॅक, सॉफ्टवेअर यांनाही एस नाही. स्टाफ म्हणजे सगळा कर्मचारीवर्ग, म्हणून ‘टेन स्टाफ्स’ नाही, ‘टेन स्टाफ मेंबर्स’.

किराण्याची कसोटी जिथे दगा देते ते शब्द वेगळे लिहून ठेवा, कारण तिथे मराठीच आपल्याला ओढते. केस आपल्याकडे अनेकवचनी, ‘तिचे केस लांब आहेत’, म्हणून हातून ‘हर हेअर्स आर लाँग’ जातं. बरोबर आहे ‘हर हेअर इज लाँग’. कानाजवळचे दोन पांढरे केस मोजून दाखवायचे तेव्हाच ‘टू ग्रे हेअर्स’. बातम्या अनेकवचनी म्हणून ‘न्यूज आर’ सुचतं, पण न्यूज एकवचनी: ‘द न्यूज इज गुड’. तिथला एस पाहून फसू नका, मॅथमॅटिक्सही तसंच. सल्ले आपण चार देतो, इंग्रजीत ‘अडव्हाइस’ला एस नाही, ‘सम अडव्हाइस’ म्हणायचं. दागिने मोजतो, ज्वेलरी मोजत नाही. उलट बाजूनं पोलीस: ‘पोलीस आला’ आपण सर्रास म्हणतो, इंग्रजीत ‘द पोलीस आर’ कायम अनेकवचनी, एकटा असेल तर ‘अ पोलीसमन’.

मेल पाठवण्याआधी आणखी एकच शोध घ्या, ‘वन ऑफ’. ‘वन ऑफ माय कलीग’ ही चूक एमए झालेली माणसंही करतात, कारण डोक्यात ‘माझा एक सहकारी’ असतो आणि तो एकटा असतो. डोक्यात ‘माझ्या सहकाऱ्यांपैकी एक’ आणा. ‘पैकी’च्या आधी अनेकवचन आल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही: ‘वन ऑफ माय कलीग्ज’. क्रियापद मात्र त्या एकाचंच, ‘इज’. आणि आकडा विशेषणासारखा नामाला चिकटून बसला की एस गळतो: रुपये दहा तर ‘टेन रुपीज’, पण दहाची नोट ‘अ टेन-रुपी नोट’. मुलगा ‘टेन इयर्स ओल्ड’, पण ‘अ टेन-इयर-ओल्ड बॉय’.

मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकात पुढे बॅक्टेरिया, फंगाय, न्यूक्लिआय भेटतील. ते लॅटिनचे पाहुणे, आपापली अनेकवचनं ट्रंकेत घालून आलेले. ते तेव्हा बघू. तुमच्या कामाचा असा एकच, ग्रीकमधून आलेला क्रायटेरिया. हे अनेकवचन आहे. निकष एकच असेल तर ‘क्रायटेरियन’.

राहिली पाटी. वरच्या स्वल्पविरामाचं काम ‘चा-ची-चे’ दाखवण्याचं, अनेक दाखवण्याचं नाही. घरात जाधव मंडळी राहतात एवढंच सांगायचं असेल तर ‘द जाधव्ज’, नावाला सरळ एस, मध्ये काही नाही. एसच्या आधी तो स्वल्पविराम दिला तर ‘त्या एका जाधवाचं’ असा अर्थ होतो, आणि घर तर तुम्हा दोघांच्या नावावर आहे. ‘जाधवांचं घर’ असंच म्हणायचं असेल तर स्वल्पविराम एसच्या नंतर येतो. आडनावाच्या शेवटी वाय असला तरी इथे आयईएस होत नाही, नाव मोडायचं नसतं: रेड्डींच्या पाटीवर रेड्डी तसंच ठेवून पुढे एस. स किंवा शनं संपणाऱ्या आडनावाला बससारखंच ईएस लागतं, आणि ते पाटीवर इतकं विचित्र दिसतं की त्यांनी नुसतं आडनाव लिहिलेलं बरं. पेंटरनं कच्चं आखून ठेवलं असेल तर रंग भरायच्या आत त्याला फोन करा. वाळल्यावर स्वल्पविराम खरवडला की खाली डाग राहतो.